गुंडांच्या पाठीराख्याने सिनेटमध्ये पाठवलेला माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याची गोष्ट

२९ जानेवारी १९४५. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात एका चर्चमध्ये अंत्यविधी चालू होता. गेलेला माणूस म्हणजे शहराचा एकेकाळचा राजकीय दादा, टॉम पेंडरगास्ट. इन्कम टॅक्स बुडवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. अशा माणसाच्या अंत्यविधीला जायचं म्हणजे पुढाऱ्याने आपल्याच हाताने आपल्या अंगावर चिखल उडवून घेणं. पण वॉशिंग्टनहून लष्कराच्या बॉम्बर विमानात बसून एक गृहस्थ खास तेवढ्यासाठी आले होते.

ते होते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. शपथ घेऊन त्यांना जेमतेम नऊ दिवस झाले होते.

त्यांचं नाव हॅरी ट्रुमन. पुढच्या अडीच महिन्यांत रुझवेल्ट वारले आणि हेच ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकायचा हुकूम देणारे, म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकापासून माहीत असतं. पण ते तिथवर पोचले कसे आणि कुणाच्या खांद्यावर बसून पोचले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

निवडणूक लागली की आपण सगळे एकच हिशोब करतो. उमेदवार काय बोलतो ते राहू दे, त्याच्या मागं कोण आहे ते बघ. गाड्या कुणाच्या फिरतायत, जेवणावळीचा खर्च कोण करतंय, बैठक कुठल्या बिल्डरच्या ऑफिसात झाली. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपल्याला पाठच असते. हा हिशोब ट्रुमन यांना लावला तर त्यांना कुणीही एक मत दिलं नसतं. आणि दिलं नसतं तर ते बरोबर ठरलं असतं की चूक, याचं उत्तर त्यांच्या अख्ख्या आयुष्यात पसरलेलं आहे.

ट्रुमन यांचा जन्म ८ मे १८८४ चा, मिझुरी राज्यातल्या लमार गावचा. वडील खेचरांचा व्यापार करायचे, शेती करायचे. पुढं धान्याच्या सट्ट्यात हात पोळले आणि घरचा पैसा गेला. हॅरीला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, त्यामुळं मैदानी खेळ बंद आणि पुस्तकं सुरू. कॉलेजची डिग्री काही झाली नाही. बँकेत कारकुनी केली, मग दहा-अकरा वर्षं ग्रँडव्ह्यूच्या शेतावर नांगर धरला. पहिल्या महायुद्धात मात्र गडी चमकला. फ्रान्समध्ये तोफखान्याच्या डी बॅटरीचा कॅप्टन झाला. बॅटरीतली पोरं बहुतेक कॅन्सस सिटीतली आयरिश कॅथलिक, वरिष्ठांना न जुमानणारी. त्यांना चष्मेवाल्या कॅप्टनने सरळ केलं आणि ती पोरं जन्मभराची मित्र झाली.

युद्ध संपल्यावर लग्न झालं आणि सैन्यातल्याच एका दोस्ताबरोबर दुकान टाकलं. एडी जेकबसन नावाचा हा दोस्त पुढं परत येणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवा. १९१९ मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झालेलं हे दुकान पुरुषांचे शर्ट, टाय, हॅट असल्या वस्तूंचं होतं. मंदी आली, माल पडून राहिला, भाव कोसळले आणि १९२२ मध्ये दुकान बंद झालं. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं. ट्रुमन यांनी ते केलं नाही. ते देणं फेडायला त्यांना पुढची कित्येक वर्षं लागली.

अडतीस वर्षांचा, कर्जात बुडालेला, धंदा बुडालेला माणूस. अशा वेळी दारात आले पेंडरगास्ट.

पेंडरगास्ट घराण्यातला जिम हा पुतण्या ट्रुमन यांच्याबरोबर सैन्यात होता. त्याच्या ओळखीतून जॅक्सन काउंटीच्या निवडणुकीसाठी विचारणा झाली. पद होतं काउंटी जजचं. नावात जज असला तरी कोर्टाशी संबंध नाही. रस्ते, इमारती, नोकरभरती बघणारं पद, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्यासारखं. ट्रुमन यांनी होकार दिला आणि १९२२ मध्ये निवडून आले.

आता हे पेंडरगास्ट प्रकरण नेमकं काय होतं ते समजून घ्यायला लागेल.

टॉमच्या मोठ्या भावाने कॅन्सस सिटीच्या नदीकाठच्या कामगार वस्तीत दारूचा गुत्ता चालवत राजकारण सुरू केलं. त्याच्यानंतर सूत्रं टॉमकडं आली. हिवाळ्यात गरिबाघरी कोळसा पोचवायचा, सणाला जेवण घालायचं, पोराला नोकरी लावायची, कुणी पोलिसात अडकला तर सोडवायचा. बदल्यात मागायचं फक्त एक, मत. पुढं या मतांच्या जोरावर शहराचं प्रशासन, पोलीस, कंत्राटं सगळं टॉमच्या मुठीत आलं. सिमेंट काँक्रीट पुरवणारी कंपनीही त्याचीच. त्यामुळं शहरात जिथं सरकारी बांधकाम, तिथं टॉमचं काँक्रीट. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात कॅन्सस सिटीत दारू उघड मिळायची, जुगाराचे अड्डे रात्रभर चालायचे. त्याच रात्रभर चालणाऱ्या क्लबांमुळं तिथं जॅझ संगीत बहरलं हे खरं. पण १९३४ च्या महापालिका निवडणुकीत मतदानाच्या दिवशी चार माणसं मारली गेली, हेही खरं.

मग असल्या माणसाला ट्रुमनसारखा सरळमार्गी माणूस कशाला हवा होता?

कारण साधं आहे. काउंटीत शहराबाहेरची खेडीपाडीही होती. तिथल्या शेतकऱ्याला शहरातल्या दादाचा माणूस चालत नव्हता. शेतीतला, चर्चला जाणारा, युद्धातून आलेला, नातेवाइकांचा गोतावळा असलेला उमेदवार पाहिजे होता. सगळ्या टोळीला एक स्वच्छ शर्ट लागतो. तो शर्ट म्हणजे ट्रुमन.

१९२४ ला ते हरले, १९२६ ला परत आले आणि या वेळी काउंटीचे प्रमुख जज झाले. कसोटी लागली ती १९२८ मध्ये. काउंटीचे रस्ते चिखलात होते. ट्रुमन यांनी लोकांकडून ६५ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी मागितली आणि सांगितलं की काम सगळ्यात कमी दराच्या टेंडरला जाईल. देखरेखीला दोन इंजिनिअर नेमले, एक स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा आणि एक विरोधी रिपब्लिकन पक्षाचा. लोकांनी मंजुरी दिली.

आणि मग ठेकेदार रडत टॉमकडं गेले.

ट्रुमन यांनी नंतर सांगितलेली हकिकत अशी. टॉमने त्यांना बोलावून घेतलं. खोलीत नेहमीचे ठेकेदार बसलेले. वर्षानुवर्षं कामं त्यांनाच मिळायची, तीही चढ्या दराने. ट्रुमन यांनी तिथंच सांगितलं की दर कमी असेल तर काम घ्या, नसेल तर नाही. टॉमने ठेकेदारांकडं बघून हा माणूस किती हट्टी आहे ते मी आधीच सांगितलं होतं अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांना वाटेला लावलं. पहिलं मोठं काम थेट साउथ डकोटा राज्यातल्या कंपनीला गेलं. रस्ते चांगले झाले. पुढं कॅन्सस सिटीत काउंटीचं नवं कोर्टहाउसही ट्रुमन यांनी उभं केलं. आर्किटेक्ट निवडायला स्वतः गाडी चालवत गावोगावची कोर्टहाउसं बघून आले. ही इमारतही लक्षात ठेवा.

इथवर वाचून वाटेल की चिखलातलं कमळ वगैरे. पण गोष्ट एवढी सोपी नाही, आणि ती सोपी नाही हे सांगणारा साक्षीदार खुद्द ट्रुमन आहेत.

१९३० च्या सुमारास ताण असह्य झाला की ते कॅन्सस सिटीतल्या पिकविक हॉटेलात खोली घेऊन एकटेच बसायचे आणि हॉटेलच्या कागदांवर लिहीत राहायचे. हे कागद कुणाला दाखवायला लिहिलेले नव्हते, ते उजेडात आले फार उशिरा. त्यात त्यांनी लिहून ठेवलंय की टॉमच्या गोटातल्या एका माजी गुत्तेवाल्याला त्यांनी काउंटीच्या तिजोरीतून दहा हजार डॉलरच्या आसपास चोरू दिले. का, तर रस्त्यांच्या निधीतले लाखो डॉलर वाचावेत म्हणून. आणि पुढं स्वतःलाच विचारलंय की हे बरोबर केलं की गुन्ह्याला हातभार लावला. उत्तर त्यांना सापडलेलं नव्हतं.

उमेदवाराच्या पाठीराख्यांकडं बघायचं ते यासाठी. पाठीराखा चोर असला म्हणजे उमेदवार चोर असतोच असं नाही. पण कुठल्या दारातून दबाव येणार, ते मात्र आधीच कळतं. ट्रुमन यांनी स्वतः पैसा खाल्ल्याचा पुरावा त्यांच्या कट्टर विरोधकांनाही मिळाला नाही. पण दार उघडं होतं आणि त्यातून एक जण आत येऊन दहा हजार घेऊन गेला, हे त्यांच्याच अक्षरात आहे.

१९३४ मध्ये सिनेटची जागा आली. टॉमने आधी इतरांना विचारलं, ते नाही म्हणाले, मग नंबर लागला ट्रुमन यांचा. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. त्यात जॅक्सन काउंटीत ट्रुमन यांना सुमारे १ लाख ३७ हजार मतं पडली. मुख्य प्रतिस्पर्धी कॉक्रन यांना तिथं दोन हजारही मिळाली नाहीत. आकडे बघूनच कळतं की यातली सगळी मतं काही जित्याजागत्या माणसांची नसणार. अर्थात कॉक्रन यांच्यामागंही सेंट लुई शहराची तसलीच यंत्रणा होती आणि तिथले आकडे याच्या बरोबर उलटे होते. मिझुरीत तेव्हा साधू कुणीच नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये पोचल्यावर त्यांना मिझुरीचा सिनेटर कुणी म्हणायचं नाही, पेंडरगास्टचा सिनेटर म्हणायचे. काही ज्येष्ठ सिनेटर तर त्यांच्याशी बोलायचेही टाळत. ट्रुमन यांनी खाली मान घालून काम केलं. रेल्वे कंपन्यांच्या पैशाची लूट शोधण्याच्या कमिटीत ते घुसले. चौकशीत मिझुरीचीच रेल्वे कंपनी आली, घरून दबाव आला, तरी त्यांनी चौकशी थांबवू दिली नाही.

पण टॉमचा विषय निघाला की या माणसाचं काहीतरी व्हायचं.

१९३६ च्या निवडणुकीतल्या बोगस मतदानाचे खटले सरकारी वकील मॉरिस मिलिगन यांनी लावून धरले होते. अडीचशेहून जास्त लोक दोषी ठरले. मेलेल्यांची नावं, रिकाम्या प्लॉटवरचे मतदार, सगळं बाहेर आलं. १९३८ मध्ये मिलिगन यांच्या फेरनेमणुकीला सिनेटची मंजुरी हवी होती. ट्रुमन उठले आणि मिलिगन यांच्यावर, शिवाय खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांवरही जहरी भाषण केलं. मतदान झालं तेव्हा विरोधात पडलेलं मत एकच होतं, त्यांचं स्वतःचं. पेपरवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सालटी काढली, आणि ती काढायलाच हवी होती.

टॉमची वेळही भरत आली होती. त्याला घोड्यांच्या शर्यतीचं भयंकर व्यसन. मिझुरीत आग विमा कंपन्यांचा दरवाढीवरून सरकारशी वाद चालू होता आणि लाखो डॉलर अडकून पडले होते. ते सोडवून देण्यासाठी टॉमने कंपन्यांकडून लाच घेतली. माग काढत काढत टॅक्स खातं त्याच्यापर्यंत पोचलं. मे १९३९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि पंधरा महिन्यांची शिक्षा घेऊन लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला. ज्यांनी ज्यांनी त्याची मदत घेतली होती ते सगळे एका रात्रीत त्याला ओळखेनासे झाले. ट्रुमन यांनी मात्र जाहीर सांगितलं की तो माझ्या पडत्या काळात उभा राहिला, त्याच्या पडत्या काळात मी पळणार नाही.

१९४० ची निवडणूक याच पार्श्वभूमीवर आली आणि ती बघण्यासारखी आहे. समोर होते गव्हर्नर लॉईड स्टार्क, भ्रष्टाचाराविरुद्धचा चेहरा. गंमत अशी की याच स्टार्क यांनी १९३६ मध्ये गव्हर्नर होण्यासाठी टॉमचा पाठिंबा मागून घेतला होता. दुसरे उमेदवार होते सरकारी वकील मिलिगन. रुझवेल्ट यांचाही कल स्टार्क यांच्याकडं. ट्रुमन यांच्यामागची यंत्रणा मोडलेली, देणगीदार गायब. प्रचाराचे पैसे सांभाळायला होते सैन्यातले जुने दोस्त हॅरी व्हॉन, पण सांभाळायला पैसेच नव्हते.

त्यात ऐन प्रचारात घरावर जप्ती आली. ट्रुमन यांच्या आईने ग्रँडव्ह्यूच्या शेतावर १९३८ मध्ये काउंटीच्या शाळा निधीतून ३५ हजार डॉलरचं कर्ज घेतलं होतं. हे कर्ज राजकीय ओळखीवर मिळालं, असा विरोधकांचा आरोप. काउंटीत सत्ता बदलली, हप्ते थकले होते, आणि शेत जप्त झालं. ८७ वर्षांच्या म्हातारीला घर सोडावं लागलं.

शेवटच्या क्षणी सेंट लुईतला तरुण पुढारी बॉब हॅनेगन याने बाजू बदलली आणि आपली यंत्रणा ट्रुमन यांच्यामागं लावली. टॉमविरोधी मतं स्टार्क आणि मिलिगन यांच्यात फुटली. ट्रुमन जवळपास आठ हजार मतांनी प्रायमरी जिंकले आणि पुढं सिनेटची जागाही.

सगळी गोम या विजयात आहे. १९४० मध्ये जे उभे राहिले त्यांना ट्रुमन कधीच विसरले नाहीत. चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थानेही.

आधी चांगलं. टॉमचा हात डोक्यावरून गेला आणि ट्रुमन यांची खरी उंची दिसली. १९४१ मध्ये युद्धाच्या तयारीवर पैशाचा पाऊस पडत होता. ट्रुमन स्वतःची गाडी काढून हजारो मैल फिरले, लष्करी तळांची बांधकामं बघितली आणि उधळपट्टी बघून हादरले. सिनेटने त्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. सुरुवातीला खर्चाला मिळाले फक्त १५ हजार डॉलर. या समितीने मोठमोठ्या कंपन्यांना घाम फोडला. कर्टिस-राइट या बड्या कंपनीच्या ओहायोतल्या कारखान्यात विमानांची सदोष इंजिनं पास केली जात होती, ते उघडं पाडलं. समितीने अब्जावधी डॉलर वाचवले असं मानलं जातं. ठेकेदार कसा चोरी करतो याचं शिक्षण ट्रुमन यांना जॅक्सन काउंटीत मिळालं होतं. ते इथं कामी आलं.

आता दुसरी बाजू. हॅनेगन यांना ट्रुमन यांनी सेंट लुईचा टॅक्स कलेक्टर करवलं. पेपरांनी बोंब मारली, ट्रुमन हटले नाहीत. हॅनेगन हुशार होते, चढत चढत १९४४ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. आणि त्या वर्षी आजारी रुझवेल्ट यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदाला कोण, हा प्रश्न आला तेव्हा ट्रुमन यांचं नाव पुढं रेटणाऱ्यांत हेच हॅनेगन होते. उपकाराची फेड झाली. जानेवारीत शपथ, नऊ दिवसांनी टॉमचा अंत्यविधी, १२ एप्रिल १९४५ ला राष्ट्राध्यक्षपद.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी काय केलं ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. अणुबॉम्ब, मार्शल योजना, नाटो, लष्करातला वर्णभेद संपवायचा आदेश, कोरियाचं युद्ध. त्यांच्याभोवती मार्शल, अचेसन यांच्यासारखी जबरदस्त माणसं होती. पण त्याच व्हाइट हाउसमध्ये दुसरीही एक मंडळी होती, मिझुरीची. पेपरवाले त्यांना मिझुरी गँग म्हणायचे.

जुनी सवयही गेलेली नव्हती. १९४६ मध्ये कॅन्सस सिटीचे आपल्याच पक्षाचे खासदार रॉजर स्लॉटर डोईजड झाले होते. राष्ट्राध्यक्षांनी थेट जिम पेंडरगास्टला सांगून त्यांना प्रायमरीत पाडायला लावलं. स्लॉटर पडले आणि पाठोपाठ बोगस मतदानाचे आरोप आले. चौकशी सुरू झाली. मे १९४७ मध्ये एका रात्री पुरावा म्हणून ठेवलेल्या मतपत्रिकांची तिजोरी स्फोटकांनी उडवून मतपत्रिका चोरीला गेल्या. ही तिजोरी होती जॅक्सन काउंटीच्या कोर्टहाउसात. ट्रुमन यांनी एवढ्या हौसेने, एक पैसा न खाता बांधलेल्या त्याच इमारतीत.

चोरीशी ट्रुमन यांचा संबंध कधी दिसला नाही. पण जिमला निरोप कुणी दिला होता, हे सगळ्या देशाला माहीत होतं.

मग आली १९४८ ची निवडणूक. ट्रुमन हरणार हे इतकं ठरलेलं होतं की पैसेवाले फोन उचलत नव्हते. निधी गोळा करायची जबाबदारी एकामागून एक नाकारली गेली आणि शेवटी लुई जॉन्सन या वकिलाने ती घेतली. ट्रुमन ट्रेनने देशभर फिरत होते, स्टेशनास्टेशनात भाषणं करत होते. ओक्लाहोमात तर ट्रेन पुढं न्यायला पैसे उरले नाहीत. तिथल्या तिथं स्थानिक नेत्यांनी वर्गणी काढली तेव्हा गाडी हलली. निकाल लागला, ट्रुमन जिंकले, सगळे तोंडात बोट घालून बसले. आणि मग पक्षाच्या ऑफिसात चेकचा ढीग येऊ लागला. चेकवर तारखा मात्र निवडणुकीच्या आधीच्या. देणगीदार हा प्राणी कोणत्या मातीचा असतो ते कळायला हा एक ढीग पुरे.

जॉन्सन यांना काय मिळालं? मार्च १९४९ मध्ये संरक्षणमंत्रिपद. ते अगदीच नवखे नव्हते, युद्ध खात्यात आधी काम केलेलं होतं. पण पद मिळालं ते प्रचाराच्या निधीमुळं, हे सगळे जाणून होते. त्यांनी आल्या आल्या खर्चाला कात्री लावली, नौदलाची नवी महाकाय विमानवाहू नौका बांधायला सुरुवात होताच रद्द केली. कपातीचं धोरण खुद्द ट्रुमन यांचंच होतं, पण जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि कात्री लावलेलं सैन्य अपुरं पडलं. सप्टेंबरमध्ये जॉन्सन यांचा राजीनामा घेतला. निधी गोळा करणारा माणूस संरक्षण खात्यात बसवण्याची किंमत दूरच्या देशातल्या शिपायांनीही मोजली.

आता एडी जेकबसनकडं येऊ. दुकानातला जुना भागीदार. १९४८ च्या सुरुवातीला ट्रुमन ज्यू नेत्यांच्या दबावाला वैतागले होते आणि चैम वाइझमन यांना भेटायलाही तयार नव्हते. मार्चमध्ये जेकबसन व्हाइट हाउसमध्ये आला आणि जुन्या दोस्तीचा वापर करून वाइझमन यांची भेट घ्यायला त्यांना राजी केलं. १४ मे ला इस्रायल जाहीर झाला आणि अकरा मिनिटांत अमेरिकेने मान्यता दिली. परराष्ट्रमंत्री मार्शल यांचा याला कडाडून विरोध होता. पुढं त्याच वर्षी प्रचाराच्या ट्रेनसाठी पैसे उभे करणाऱ्यांत अब्राहम फाइनबर्ग हे इस्रायलचे समर्थक उद्योजक होते. मग निर्णय मित्रामुळं झाला, मतांमुळं, देणगीमुळं की युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेल्या निर्वासितांची अवस्था बघून? इतिहासकार अजून भांडतायत. देणगी निर्णयानंतर आली एवढ्यावरून व्यवहार झाला असंही म्हणता येत नाही आणि झाला नाही असंही नाही. जेकबसनने मात्र स्वतःच्या धंद्यासाठी काही मागितलं नव्हतं.

हॅरी व्हॉन यांचं तसं नव्हतं. १९४० चे खजिनदार आता मेजर जनरल आणि राष्ट्राध्यक्षांचे लष्करी सहायक होते. सरकारी काम करून देण्यासाठी पाच टक्के कमिशन घेणाऱ्या दलालांची सिनेटने १९४९ मध्ये चौकशी केली. त्यात निघालं की व्हॉन यांच्या ओळखीच्या लोकांना सरकारदरबारी सहज वाट मिळत होती आणि एका परफ्यूमच्या कंपनीच्या खर्चाने काही बड्या लोकांच्या घरी डीप फ्रीझर पोचले होते. त्यातला एक ट्रुमन यांच्या इंडिपेंडन्सच्या घरी गेला होता. व्हॉन यांनी राजीनामा देऊ केला. ट्रुमन यांनी तो घेतला नाही.

फ्रीझर ही किरकोळ गोष्ट, पण लोकांच्या डोक्यात नेमकी तीच बसली. पुढं सरकारी कर्ज देणाऱ्या संस्थेतला घोटाळा आला आणि व्हाइट हाउसमधल्या एका स्टेनोग्राफरला मिळालेला महागडा मिंक कोट गाजला. १९५१ मध्ये टॅक्स खात्याचं पोतडं फाटलं. दीडशेहून जास्त कर्मचारी-अधिकारी गेले. सेंट लुईत हॅनेगन यांच्यानंतर कलेक्टर झालेले जेम्स फिनेगन दोषी ठरले. चौकशीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला ॲटर्नी जनरल मॅकग्रा यांनीच काढून टाकलं, मग त्याच दिवशी ट्रुमन यांनी मॅकग्रा यांना काढलं. एक चांगलं काम मात्र झालं. टॅक्स कलेक्टरची पदं पक्षाच्या माणसांना वाटायची पद्धत ट्रुमन यांनी १९५२ मध्ये बंद करवली. हॅनेगन यांना त्यांनी ज्या वाटेने पद दिलं होतं, ती वाट त्यांनीच बुजवली.

तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये गॅलप पाहणीत त्यांच्या बाजूने उरले होते फक्त २२ टक्के लोक. रिपब्लिकन पक्षाने कोरिया, कम्युनिझम आणि करप्शन या तीन शब्दांवर निवडणूक लढवली आणि आयझेनहॉवर आरामात जिंकले.

जानेवारी १९५३ मध्ये ट्रुमन ट्रेनने इंडिपेंडन्सला परतले. माजी राष्ट्राध्यक्षांना तेव्हा पेन्शन नव्हतं. सैन्याचे महिना ११२ डॉलर यायचे. मोठ्या कंपन्यांनी नोकऱ्या देऊ केल्या, त्यांनी नाकारल्या. कंपन्यांना आपण नको, आपलं पद हवंय, असं त्यांचं म्हणणं होतं. ते अगदी कफल्लक होते ही गोष्ट मात्र वाढवून सांगितली जाते. आठवणींच्या पुस्तकाचे चांगले पैसे मिळाले होते आणि पगारातूनही शिल्लक पडली होती, असं त्यांच्या कागदपत्रांवरून अभ्यासकांनी अलीकडे दाखवलंय.

निवृत्तीतही जुनं देणं सुटलं नाही. त्यांच्या भेटीगाठी ठरवणारे सचिव मॅट कॉनेली १९५६ मध्ये एका टॅक्स प्रकरणात दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. ट्रुमन यांच्या मते त्यांना राजकारणापायी गोवलं गेलं होतं. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ट्रुमन त्यांच्या मागं लागले, ॲटर्नी जनरल असलेल्या त्यांच्या भावाला पत्रं लिहिली, उत्तर येईना तेव्हा चिडले. १९६२ मध्ये केनेडींनी कॉनेली यांना माफी दिली. २६ डिसेंबर १९७२ ला वयाच्या ८८ व्या वर्षी ट्रुमन गेले ते कॅन्सस सिटीतल्या एका हॉस्पिटलमध्ये, टॉमच्याच शहरात.